इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी एफसीचा सहावा नंबर आला म्हणून मालकांच्या गळ्यात हार घालायचे का? (मार्च २०२५)

अंधेरीचा_निळा
काल इथे कुणीतरी लिहिलं, "बंगळुरूला त्यांच्याच घरी २-० हरवून टॉप सिक्समध्ये आलो. मालकांना शिव्या घालणारे आता कुठल्या बिळात लपले?" लपलो नाही, इथेच आहे. मे २०२४ मध्ये फायनलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला आणि लगेच त्या टीमचा कणाच काढून दिला. भेके, नोगेरा, परेरा दियाझ बंगळुरूला. अपुइया तर ज्यांना हरवलं त्या बागानकडेच! आता नॉकआउट परत बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर, आणि समोर तेच तिघे. बागानचे ५६ पॉइंट, आपले ३६. कसला जल्लोष करताय?

शिल्ड_वाला
२०१४ ते २०१९ विसरलात वाटतं. अनेल्का, ल्युंगबर्ग, फोर्लान असले परदेशी स्टार. पोस्टर झकास, कपाट रिकामं. २०१९ च्या सेमीला गोव्याने अंधेरीत, आपल्याच मैदानात येऊन पाच गोल घातले होते. मग मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपने क्लबचे ६५ टक्के घेतले आणि त्याच गोव्याचे कोच लोबेरा आणि खेळाडू जाहू, फॉल, बुमूस, मंदार इकडे आले. २०२०-२१ ला शिल्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (फायनल जिंकून) दोन्ही. २०२२-२३ ला ५४ गोल ठोकून परत शिल्ड. तेव्हा मालक चांगले होते ना? तिशी उलटलेल्यांना मागतील तेवढे पैसे द्यायचे नसतात, एवढंच.

अंधेरीचा_निळा
अपुइयाची तिशी कधी उलटली? २३ वर्षांचा होता.

शिल्ड_वाला
बरं बाबा, अपुइयाचं मान्य. एकच. बाकी माझं म्हणणं कायम.

कूपरेज_काका
तिशी उलटली म्हणे! राहुल भेके मुंबईचा पोरगा, कप उचलणारा कॅप्टन. २०१९ ची फायनल अंधेरीतच झाली, एक्स्ट्रा टाइममध्ये कॉर्नरवर याच भेकेने हेडर मारून बंगळुरूला कप दिला. असला माणूस परत त्यांनाच द्यायचा? या शहरात फुटबॉलवाल्यांची अशीच किंमत. महिंद्रा युनायटेड क्लब २०१० ला बंद, मुंबई एफसी हा दुसरा क्लब २०१७ नंतर गायब. पोरांनी जायचं कुठे? माझ्या पुतण्याला एका अकादमीने (नाव घेत नाही) ट्रायलला बोलावलं. तासभर उन्हात बसवलं, दहा मिनिटं खेळवलं, तेही राइट बॅकला. पोरगा डावखुरा! फॉर्मवर लिहिलं होतं, पण वाचतो कोण?

ठाणे_३५२
काका, पुतण्याचा आणि नॉकआउटचा संबंध काय? त्या अकादमीचा राग मँचेस्टरवर कशाला? आणि लोकल लोकल करताय, केरळ ब्लास्टर्सची मॅच असली की अंधेरीत पिवळे शर्ट जास्त दिसतात. आपले लोकल असतात कुठे?

कूपरेज_काका
लोकल पोरं टीममध्ये नाहीत म्हणून लोकल माणसं येत नाहीत. २००६ ला महिंद्राने नॅशनल लीग जिंकली तेव्हा तू बालवाडीत असशील. आम्हाला शिकवू नकोस.

ठाणे_३५२
जिंकली, आणि चार वर्षांत मालकाने कुलूप लावलं. तो तर आपलाच, इथलाच मालक होता ना? परदेशी मालकाने निदान ट्रॉफ्या तरी दिल्या.

निळी_नऊ
काकांचा सूर चढलाय, पण मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही. कोच गेला की याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीतला माणूस येतो, बकिंगहॅम तिथलाच, क्राटकीही तिथलाच. वरची शिडी तयार आहे, खालची नाही. आणि तरी मी म्हणते, आत्ता हे उगाळून काय मिळणार? छांगते, बिपिन, विक्रम आहेत. लाचेनपा गोलमध्ये आहे. एकच मॅच आहे, काहीही होऊ शकतं.

कूपरेज_काका
"अगदीच फेकण्यासारखा नाही." आभारी आहे ताई, प्रमाणपत्र फ्रेम करून लावतो.

अंधेरीचा_निळा
आणि आपला स्ट्रायकर करेलिस, त्याला दोघांनी जखडलं की गोल कोण मारणार? गेल्या वर्षी दियाझ दोन डिफेंडर अंगावर घेऊन भांडत बसायचा, मधून बिपिन सुटायचा. तसं भांडणारा आता कोण आहे?

शिल्ड_वाला
तिथेच जिंकून आलोय. दियाझ दियाझ काय लावलंय?

अंधेरीचा_निळा
२९ तारखेला दियाझने गोल घातला की हाच धागा वर काढणार. तेव्हा "माझं म्हणणं कायम" परत लिहून दाखवा.