जग मुठीत आलं, रेंज मात्र सड्यावरच

सडेकर:
गणपतीला गावी आलोय, राजापूर तालुक्यात. वाडी वहाळाच्या काठाला, खोलगटात. घरात मोबाइलला एक काडी येत नाही. बँकेचा ओटीपी हवा तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, काजूच्या झाडाखाली जायचं. तिथून घरी येईस्तोवर ओटीपी बाद, म्हणून अख्खा व्यवहार तिथेच उभ्याने उरकायचा. काल गेलो तर माझ्याआधी दोघं हजर, एकाच्या हातात पीकविम्याचे कागद. इंटरनेटने भूगोल संपवला म्हणणाऱ्यांना एकदा त्या झाडाखाली आणायला हवं.

रोखठोक:
डोंगराला कशाला दोष देता? सियाचीनला २०२५ मध्ये फाइव्ह-जी पोचलं, तिथे काय सपाटी आहे? वाडीत घरं किती, रिचार्ज किती, कंपनी एवढंच बघते. हा भूगोल नव्हे, हिशेब आहे.

जर्सीचा चाकरमानी:
मी न्यू जर्सीत. काल पुण्याच्या भावाकडची साडेसातची आरती लाइव्ह पाहिली. इथे सकाळचे दहा, ऑफिसची मीटिंग चालू. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि मी टाळ्या वाजवतोय. पूर्वी फोटो पोस्टाने यायचे, तोवर दिवाळी उजाडायची. अंतर संपलं नाही तर काय झालं?

केबलवाला:
काका, ती आरती समुद्राच्या तळातून आली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या केबली वर येतात, त्यातल्या बऱ्याच तांबड्या समुद्रातून युरोपकडे जातात. १८७० मध्ये मुंबईची तार एडनमार्गे सुवेझला जोडली, ती याच वाटेने. तांब्याच्या जागी काच आली, वाट तीच. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि आपल्याकडे नेट रखडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तुटल्या, पुन्हा तेच रडगाणं.

रोखठोक:
रखडलं, बंद नाही पडलं. डेटा दुसरीकडून वळवला. घाटात दरड पडली की एसटी दुसऱ्या घाटाने जातेच ना?

सडेकर:
उत्तराला उशीर झाला, दिवसभर पाऊस होता, सड्यावर येता आलं नाही. (हसू नका.)
अणुस्कुऱ्यात दरड पडली की गाडी आंबा घाटाने येते, बरोबर. पण किती फिरून येते ते आत बसलेल्याला विचारा! आणि सियाचीनचं म्हणाल तर तिथे सैन्य आहे म्हणून टॉवर गेला. जागा मोक्याची म्हणून गेला! आमच्या वाडीला सरहद्द नाही, एवढीच आमची चूक.

रोखठोक:
हा मुद्दा मान्य. बाकीचं नाही. टॉवरसाठी ग्रामपंचायतीने जागा दिलीय का?

सडेकर:
द्यायला तयार आहेत. सड्यावरची.

रोखठोक:
मग खाली वहाळाकडे रेंज उतरेल?

सडेकर:
वाडीत सध्या त्यावरूनच भांडण चालू आहे.