पीएसपीवर 'मेडल ऑफ ऑनर हीरोज': नेम बसत नाही, नब सरकतो, वायफाय लागत नाही

शाहूपुरी_गल्ली३
नमस्कार मंडळी. पीएसपी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशीन) ३००० मॉडेलचं आहे आणि 'मेडल ऑफ ऑनर हीरोज' या बंदुकीच्या युद्धखेळाची यूएमडी, म्हणजे त्याची छोटी डिस्क. डाव्या अंगठ्याने नब (सरकवायची छोटी गोल कळ) धरून चालायचं आणि उजवीकडच्या चार बटणांनी बघायचं, असं कंट्रोल ठेवलंय. नेम कधी शत्रूच्या डावीकडे, कधी उजवीकडे, मधोमध थांबतच नाही. सेन्सिटिव्हिटी कमी केली की मागच्या माणसाकडे वळेपर्यंत गोळी लागलेली असते. दुसरं, नबला हात न लावताही सैनिक डावीकडे सरकत राहतो. तिसरं, धाकट्या भावाकडेही पीएसपी आहे, दोघांना एकत्र खेळायचंय, पण घरचा नवीन राऊटर दोन्ही मशीन घेत नाही. पासवर्ड बरोबर आहे. कोल्हापुरात कुणाकडे दाखवू, की सुटे भाग मागवून घरीच करू?

पन्हाळा_रात्रपाळी
नेमाचं सांगतो, कारण सगळे इथंच कंटाळून खेळ सोडतात आणि खेळ चांगला आहे.

पीएसपीला एकच नब. △ ○ × □ ही बटणं एकतर दाबलेली असतात नाहीतर सुटलेली, अर्धवट दाब असं काही त्यांना कळत नाही. त्यामुळे कमीत कमी जेवढं वळता येतं तेवढं वळणसुद्धा लांबच्या माणसासाठी जास्तच ठरतं. सेन्सिटिव्हिटी कितीही बदला, हे जाणार नाही. उपाय असा: आडवा नेम बटणांनी धरूच नका, पायांनी धरा. नब म्हणजे या मशीनवरचा एकमेव बारीक कंट्रोल, आणि तो चालण्याला दिलेला आहे. आधी △ आणि × ने क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनवरची नेमाची खूण, उभा माणूस असेल त्याच्या छातीच्या उंचीवर आणून ठेवा आणि सपाट जागेत तो तिथून हलवू नका. □ किंवा ○ ने साधारण दिशा धरा. मग नब किंचित डावी-उजवीकडे ढकलून स्वतः बाजूला सरका, शत्रू आपोआप क्रॉसहेअरखाली येतो. तो आला की R दाबून गोळी.

सेन्सिटिव्हिटी मधल्यापेक्षा एक पायरी वर ठेवा. बारीक काम पाय करत असतील तर बटणं भराभर वळण्यासाठी मोकळी राहतात, म्हणजे मागच्या माणसाचा प्रश्नही सुटतो. अंगठा चार बटणांच्या मध्ये आडवा टेकवून ठेवा, एका बटणावरून दुसऱ्यावर उचलून नेऊ नका. सराव स्कर्मिश (सुट्या चकमकीच्या) मोडमध्ये करा, तिथं बॉट, म्हणजे मशीनच चालवतं ते सैनिक असतात आणि मोहीम अडून राहत नाही.

आणि अंधाऱ्या नकाशात दिसत नसेल तर चार्जर लावून खेळा. ब्राइटनेसची चौथी पायरी फक्त चार्जरवर मिळते, बॅटरीवर तीनच.

उद्यमनगर_फिटर
नब. आधी दोष कुठं आहे ते बघा. पीएसपीतला इंटरनेट ब्राउझर उघडा, नेट नसलं तरी चालतं. तिथला पॉइंटर नबने हलतो. हात न लावता तोही सरकत असेल तर दोष नबचाच, खेळाचा नाही. मग नब काठाला लावून गोल गोल दहा-बारा वेळा फिरवा, नुसती धूळ असेल तर तेवढ्यावर भागतं. नबच्या शेजारी कव्हर हलकं दाबल्यावर सरकणं थांबत किंवा बदलत असेल तर कॉन्टॅक्ट मळलेत किंवा सैल आहेत.

उघडायचं तर बॅटरी आधी काढा. ००चा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, मोठा वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजेल आणि मग निघता निघणार नाही. बॅटरीच्या खाचेत स्टिकरखालीही स्क्रू असतो, तो विसरून कव्हर ओढलं की प्लास्टिक तडकतं. पुढचं कव्हर निघाल्यावर स्क्रीनखालच्या होम-स्टार्टच्या पट्टीची रिबन केबल दिसेल, तिला ताण देऊ नका. नब दोन छोट्या स्क्रूंवर बसलेला असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूंचे कॉन्टॅक्ट पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. डब्ल्यूडी-४० अजिबात नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ परत चिकटते. आपल्याकडं पावसाळ्यात हवा ओली, त्यामुळे जून ते सप्टेंबर मशीन नुसतं कपाटात पडून असलं तरी कॉन्टॅक्ट काळवंडतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा.

पुसूनही फरक नाही तर नब बदला. मागवताना मॉडेल नंबर बघा, १००० चा नब ३००० ला बसत नाही. स्वतः उघडायची भीती वाटत असेल तर राजारामपुरीतल्या एखाद्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला दाखवा, पण पार्ट आणि मॉडेल नंबर तुम्हीच घेऊन जा.

ताराराणी_चौक
राऊटरचा नाद सोड भावा. पीएसपीचं वायफाय ८०२.११बी या जुन्या प्रकारचं आहे आणि सुरक्षेत ते डब्ल्यूपीए या जुन्या पद्धतीपर्यंतच जातं, त्यापुढची डब्ल्यूपीए२ नाही. नवीन राऊटर त्यालाच नकार देतोय, पासवर्डला नाही. त्यासाठी घरच्या नेटची सुरक्षा खाली आणू नको, कारण या खेळाचे ऑनलाइन सर्व्हर कधीच बंद झालेत. जोडलं तरी तिथं कुणी नाही.

शेजारी बसून खेळायला राऊटर लागतच नाही. ॲड-हॉक म्हणजे दोन मशीन थेट एकमेकांशी बोलतात. दोन्हीकडं डब्ल्यूलॅन (म्हणजे वायफायचा) स्विच चालू कर. नेटवर्क सेटिंग्जमध्ये ॲड-हॉक मोडचा चॅनल दोघांचा सारखा ठेव: १, ६ किंवा ११. एकाचा ऑटोमॅटिक आणि दुसऱ्याचा ११ असला की मशीन दिसत नाहीत आणि माणूस वायफाय खराब समजतो. पॉवर सेव्ह सेटिंग्जमध्ये डब्ल्यूलॅन पॉवर सेव्ह बंद कर, नाहीतर मध्येच तुटतं. मग एकानं मल्टिप्लेअरमध्ये गेम होस्ट करायचा, दुसऱ्यानं जॉइन.

शाहूपुरी_गल्ली३
ब्राउझरमध्येही पॉइंटर सरकतोय, म्हणजे नब उघडावाच लागणार. दोघांना मिळून एक यूएमडी चालेल का? भावाच्या मशीनची बॅटरी मागचं झाकण बसू देत नाही, ते तसंच दाबून लावलंय.

उद्यमनगर_फिटर
झाकण आत्ता काढा आणि ती बॅटरी बाहेर घ्या. फुगलेली आहे ती. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या. तोवर भावाला बॅटरीशिवाय थेट ५ व्होल्टच्या चार्जरवर खेळू द्या, चालतं. २००० आणि ३००० मॉडेलला १२०० एमएएचची पातळ बॅटरी येते. त्याच आकारावर ३६०० छापलेली दिसली तर घेऊ नका, तेवढी जागाच नाही आत.

ताराराणी_चौक
दोघांना आपापली यूएमडी लागेल. खेळाच्या यूएमडीला देशाचं बंधन नाही, पण घेताना दोन्ही एकाच देशातल्या आवृत्तीच्या बघ. आणि जुनी घेताना डिस्कची पारदर्शक खिडकी कडेनं सुटलीय का ते तपास. सुटलेली असेल तर डिस्क आत घासते.