मदत हवी आहे: ब्रेकच्या खुणेवरून गाडीचा वेग कसा काढायचा? (तातडीचे)

कोयनाकाठ
ब्रेकच्या खुणेवरून वेग काढायचं सूत्र कुणाला नक्की माहीत आहे का? भावाचा अपघात झालाय, रस्त्यावरची ब्रेकची खूण १६ मीटर. समोरची विमा कंपनी म्हणते भाऊ ८० च्या वेगात होता. तो तसा चालवतच नाही. सोमवारी वकिलांना भेटायचंय, त्याआधी आकडा हवा. नेटवर जिथे बघावं तिथे वेगळंच उत्तर.

मास्तर_फलटण
गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च होते, एवढ्यावरच सगळं उभं आहे. वेग (ताशी किमी) = २५४ × घर्षण गुणांक × खुणेची लांबी (मीटर) यांचं वर्गमूळ. घर्षण गुणांक म्हणजे टायरची रस्त्यावर पकड किती ते सांगणारा आकडा. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ धरतात, त्याने ५३ येतात. रस्ता ओला असेल तर गुणांक ०.४-०.५ पर्यंत उतरतो आणि वेगही कमी निघतो.
पण कार की दुचाकी? चढ होता की उतार? खूण एक की दोन? खूण संपली तिथे गाडी थांबली की धडकली? हे सांगितल्याशिवाय ५३ ला काही अर्थ नाही.

कोयनाकाठ
बाइक हो. कराड-चिपळूण रस्ता, पाटणच्या पुढे. गल्लीतून कार आडवी आली. ५३ म्हणजे ८० नाही, एवढं पुरे ना?

काळा_कोट
पुरे नाही. खूण संपते तिथे धडक झाली असेल तर ५३ हा किमान वेग झाला, धडकेच्या क्षणी उरलेला वेग त्यात धरलेलाच नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा आहे का हातात?

लाल_डबा
मास्तर, सूत्रात वजन कुठंय? उभी हयात एसटी चालवली. भरलेली गाडी रिकामीपेक्षा उशिरा थांबते, हे मला कुणी शिकवायला नको.

मास्तर_फलटण
दादा, तुमचा अनुभव खरा आहे, कारण वेगळं आहे. चाक पूर्ण जॅम झालं तर वजन वाढेल तसं घर्षणही वाढतं, म्हणून हिशोबातून वजन कटतं. भरलेल्या बसचं चाक सहसा जॅम होतच नाही, घाटात ब्रेक तापून पकड जाते, शिवाय अवजड गाड्यांचा टायर कडक रबराचा असतो. म्हणून कारचा ०.७ बसला लावायचा नाही.

लाल_डबा
तापलेल्या ब्रेकचं म्हणाल तर पटलं. उतरताना गिअर खालचाच पाहिजे. आजकालची पोरं न्यूट्रल टाकून कुंभार्ली घाट उतरतात, त्यावर कुणी बोलत नाही.

गॅरेजवाला
बाइक कुठली, किती सीसी, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) होतं का? खूण एकच असेल तर ती मागच्या चाकाची. नुसता मागचा ब्रेक दाबला असेल तर गुणांक ०.४ च्या आसपासच धरायचा. १६ मीटरला वेग येतो ४०. भाऊ सुटला समजा.

कोयनाकाठ
१५० सीसी, २०२१ ची. खूण एकच. पहाटे सर पडून गेली होती, पण अपघात सकाळी अकराचा, रस्ता कोरडा. रस्ता सपाट. भावाला धडकेचं काही आठवत नाही, मनगट मोडलंय.

मास्तर_फलटण
गॅरेजवाले, घाई होतेय. २०१९ नंतरच्या १५० सीसीला एबीएस आहेच, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. म्हणजे पुढचा ब्रेक करकचून दाबला तरी त्याची ठळक खूण पडणार नाही, मागचं चाक तेवढं जॅम होऊन खूण सोडेल. एका खुणेवरून पुढचा ब्रेक दाबला नव्हता असं म्हणता येत नाही. वेग ४० ते ५३ या पट्ट्यात धरा आणि त्यात धडकेचा वेग मिळवा. वेग सरळ बेरजेने मिळवायचे नाहीत. दोघांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. धडक ३० ने झाली असेल तर मूळ वेग ५० ते ६१.

गॅरेजवाला
पन्नास बाइका उघडून बघा, लोक पुढचा ब्रेक वापरतच नाहीत. माझं ०.४ च बरोबर.

काळा_कोट
तुमचं बरोबर असेल, पण अपघात भरपाईचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात तुमच्या गॅरेजचा दाखला चालणार नाही. पट्टा सांगितलेला बरा, तो उलटतपासणीत टिकतो. कोयनाकाठ, ८० हा आकडा त्यांनी कशावरून काढला, ते अहवालात असेलच.

कोयनाकाठ
आत्ता बघितलं. "एकूण खूण ३६ मीटर, गुणांक ०.७" असं आहे. पंचनाम्यात १६ मीटर टायरची खूण आणि पुढे २० मीटर ओरखडे. बाइक कारच्या बंपरखाली अडकून फरपटत गेली होती.

मास्तर_फलटण
हे आधी सांगायला हवं होतं! २५४ × ०.७ × ३६, वर्गमूळ बरोबर ८०. त्यांनी रबराची खूण आणि लोखंडाचे ओरखडे एकाच मापात घातलेत. ओरखड्यांना टायरचा गुणांक लागतच नाही, आणि ते २० मीटर बाइक कारने ओढलीय. तो प्रवास कारचा आहे! कारवाल्याने ब्रेक किती उशिरा दाबला, हेच त्यातून दिसतं.
उलटी पडताळणीही करा. भाऊ खरंच ८० ने असता, तर १६ मीटर घसरूनही धडकेच्या वेळी वेग ६० ते ६९ उरला असता. एवढ्या वेगाने कारवर आदळलेल्या बाइकचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) मागे वळून चाक इंजिनला चिकटतं. फोटो आहेत?

कोयनाकाठ
फोर्क किंचित वाकलाय. चाक फिरतं.

गॅरेजवाला
मग ८० शक्यच नाही. इथे मास्तरांशी सहमत.

काळा_कोट
मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल मागवा, त्यात फोर्कची आणि ब्रेकची नोंद असते. पंचनाम्यातली "टायरची खूण" आणि "ओरखडे" ही वेगवेगळी नोंद अधोरेखित करून वकिलांना द्या. विमा कंपनीच्या तज्ज्ञाला उलटतपासणीला बोलवायचा अर्ज लगेच करा. दावा फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, शक्यता कुणाकडे झुकते ते बघतात. भावाची काही टक्के चूक धरली तर भरपाई तेवढी कापली जाते, म्हणून ८० हा आकडा खोडणं महत्त्वाचं.

भटकंती
हे सगळं टाळायचं तर हेल्मेटला कॅमेरा लावा. मी बसवलाय, कोकणात जाताना फार सुंदर चित्रण येतं. कुठला घ्यावा यावर वेगळा धागा काढू का?

मास्तर_फलटण
कोयनाकाठ, एक राहिलं. ०.७ वरच कुणी अडून बसलं, तर त्या जागी गुणांक मोजता येतो. टायरचा तुकडा काँक्रीट भरून जड करायचा आणि ताणकाट्याने आडवा ओढायचा. ओढीचा जोर भागिले वजन म्हणजे गुणांक. वाहतूक थांबवून आणि वकिलांनी नेमलेल्या माणसाकडूनच करा, स्वतः रस्त्यात उतरू नका. डांबर नवीन टाकलं असेल तर मात्र उपयोग नाही.

कोयनाकाठ
तिथे अजून नवीन डांबर पडलेलं नाही. पंचनाम्याच्या पानाचा फोटो काढला, वकिलांना आजच पाठवतो. मास्तर, ६०-६९ चा हिशोब पायरी पायरीने इथे लिहाल का? मला तो त्यांच्यासमोर मांडायचाय.

मास्तर_फलटण
८० चा वर्ग ६४००. गुणांक ०.७ धरला तर १६ मीटरच्या खुणेचे २८४५ वजा, उरले ३५५५, वर्गमूळ ५९.६. गुणांक ०.४ धरला तर १६२६ वजा, उरले ४७७४, वर्गमूळ ६९.१.

लाल_डबा
मनगटाला कुठल्या डॉक्टरकडे नेलंय? कराडला चांगले आहेत, हवं तर सांगतो.