जन्मरत्न, राशीचा खडा आणि जन्मफूल : बारशाच्या पत्रिकेत नेमकं काय लिहावं?

धानपट्टा (ब्रह्मपुरी तालुका)
पुतणीच्या बारशाची पत्रिका छापायची आहे. जन्म नोव्हेंबरचा, म्हणून छापखान्याच्या नमुन्यात ‘जन्मरत्न – पुष्कराज, जन्मफूल – शेवंती’ असं आलंय. गावचे सोनारकाका म्हणतात, “पोरीची रास मिथुन. तिचा खडा पाचू, पुष्कराज कुठून आला?” घरात दोन तट पडलेत. जन्मरत्न म्हणजेच राशीचा खडा का? आणि जन्मफूल हा शब्द आपला आहे का?

जुनी पेढी
ताई, सोनारकाकांचं बरोबर आहे आणि छापखान्याची यादीही त्याने मनाने केलेली नाही. या दोन वेगळ्या परंपरा आहेत.

आपली नवरत्नं ग्रहांची. मिथुनेचा स्वामी बुध, बुधाचा पाचू. पुष्कराज गुरूचा, म्हणजे धनु-मीनवाल्यांचा. इथे इंग्रजी महिन्याचा संबंधच नाही. याला ‘राशीचा खडा’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे, तोच ठेवावा.

महिन्यांची यादी पाश्चात्त्य आहे. बायबलात मुख्य याजकाच्या उरावरच्या पट्टीत बारा रत्नं सांगितली आहेत. त्या बारांची सांगड पुढे बारा महिन्यांशी घातली गेली. आज चालते ती यादी मात्र अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं १९१२ साली कॅन्सस शहरात ठरवली. नंतरही भर पडत गेली : २००२ मध्ये डिसेंबराला टांझानाइट, २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल. टांझानाइट सापडलाच १९६७ साली, टांझानियात. म्हणून या यादीला कोणी ‘प्राचीन शास्त्र’ म्हटलं की मला पटत नाही.

आता खरी चूक. नोव्हेंबरचं रत्न टोपाझ. इंग्रजी-मराठी कोशांत टोपाझपुढे ‘पुष्कराज’ लिहिलेलं सापडतं आणि तेच छापलं जातं. पण पेढीवर राशीसाठी पुष्कराज मागितला तर पिवळा नीलम देतात. तो माणकाच्या जातीचा, काठिण्य ९. टोपाझचं काठिण्य ८, घडण निराळी आणि किंमतही पुष्कळच कमी. एकाच नावाखाली दोन खडे विकले जातात आणि त्यात गिऱ्हाईक फसतं. म्हणून टोपाझला ‘टोपाझ’च लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वऱ्हाडचा माणूस
आमच्या इकडे पोरगं कोन्त्या तारखेले झालं हे जुन्या बायांले सांगता येत नाई, पण ‘पोळ्याच्या करीले झालं’, ‘आखाजीच्या आंधी झालं’ हे बरोब्बर याद राह्यते. फुलाचा न् खड्याचा संबंध म्हनसान तं नावात. शेवंता, जाई, हिराबाई, माणिक, मोतीराम हे नावं महिना पाहून थोडीच ठेवले?

मोहफूल (गडचिरोली)
भाऊंनी नावांचं छान सांगितलं. झाडीतल्या गोंड घरांत मंगरू, बुधू, सुकरू ही नावं जन्मवारावरून आलेली. वार आहे, नक्षत्र आहे, सण आहे. महिन्याचं फूल आपल्याकडे नव्हतं. ‘जन्मफूल’ हा नवा, भाषांतरातून आलेला शब्द. तरी मला तो आवडतो. गोड आहे आणि लगेच कळतो.

पण यादी तिकडच्या ऋतूंची आहे. जानेवारीचं स्नोड्रॉप, मार्चचं डॅफोडिल आपण कुठे पाहणार? मार्चमध्ये आपल्या जंगलात पळस पेटलेला असतो. त्याच सुमारास मोह गळायला लागतो, लोक पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. गोंडांच्या लग्नमांडवात मोहाची डहाळी लागते. मार्चच्या लेकराला डॅफोडिल देण्यापेक्षा मोह द्यावा, असं मला मनापासून वाटतं. शेवंतीचं मात्र जमतं. ती मूळची चीनकडची, जपानच्या राजघराण्याचं चिन्ह. पण आपल्याकडे ती वेणीत आणि देवीच्या पायाशी इतकी रुजली की परकी राहिली नाही. नोव्हेंबरात फुलतेही.

आपल्या परंपरेत जवळची गोष्ट म्हणजे नक्षत्राचा ‘आराध्यवृक्ष’. पूर्वा फाल्गुनीचा पळस, ज्येष्ठाची सावर, रेवतीचा मोह. ताई, पुतणीचं नक्षत्र कोणतं?

धानपट्टा
पुनर्वसू.

मोहफूल (गडचिरोली)
मग वेळू! त्याला जन्मफूल मात्र म्हणू नका. वेळू कित्येक दशकांतून एकदा फुलतो आणि फुलला की बेटच्या बेट वाळून जातं. जुनी माणसं त्याला दुष्काळाची खूण मानतात. आराध्यवृक्ष म्हणून लिहा, पावसाळ्यात बांधावर एक बेट लावा.

जुनी पेढी
हिऱ्याचं कोणी काढलं नाही म्हणून सांगतो. तिकडे तो एप्रिलचा, आपल्याकडे शुक्राचा. आणि आरमोरी तालुक्यातल्या वैरागडला हिऱ्यांची खाण असल्याची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. आपल्या पोरांना हे माहीत हवं.

धानपट्टा
सगळ्यांचे आभार. मजकूर असा देते : ‘राशीचा खडा – पाचू. आराध्यवृक्ष – वेळू. जन्ममहिन्याचं फूल – शेवंती.’ टोपाझ काढून टाकला. सोनारकाकांना वाचून दाखवलं, त्यांनी ‘खडा’ शब्द ठेवल्याबद्दल मान डोलावली.