आजोबांना भात चालला, मग आपल्याला चाळिशीच्या आतच शुगर कशी?

गिरणगाव_नातू
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझे आजोबा राजापूरकडून मुंबईत आले, लालबागला चाळीत राहिले, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. दोन्ही वेळा भात, वर माशाचं कालवण नाहीतर कुळथाची पिठी, आणि ऐंशीच्या घरात गेले तरी शुगरचं नाव नव्हतं. वडिलांना पन्नाशीनंतर निघाली आणि आता माझे रिपोर्ट बॉर्डरवर आलेत, अजून चाळिशी पण गाठली नाही. घरात आजही भात-मासेच असतात, मग बदललं काय नेमकं? व्हॉट्सॲपवर कोणी म्हणतं गहू सोडा, कोणी म्हणतं आदिमानवासारखं खा, कोणी म्हणतं फक्त ज्वारी-बाजरी. डाएट प्लॅन डॉक्टर देतीलच, मला समजून घ्यायचंय की माणसाचं खाणं कसकसं बदलत गेलं आणि त्यातलं आपल्याला काय भोवतंय. मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्यासाठी तरी.

बायोची_मॅडम
आदिमानवाचं आधी सांगते, कारण कॉलेजात मुलंही हेच विचारतात. आदिमानवाचा एक असा आहार नव्हताच, बर्फाळ भागात मासे आणि सीलची चरबी, आफ्रिकेत कंदमुळं, मध, शिकार, जिथे जे मिळेल ते. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली आणि त्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे बघितले तर बऱ्याच ठिकाणी उंची कमी झालेली दिसते, दात किडलेले दिसतात, कारण ताटात विविधता जाऊन एक-दोन धान्यांवर सगळा भार आला. पण धान्य साठवता येतं, जास्त तोंडं जगतात, त्यामुळे माणूस परत फिरला नाही. शरीर बदलतं, नाही असं नाही, पण त्याला हजारो वर्षं लागतात. दुधाचंच बघा, गुरं पाळून इतका काळ झाला तरी जगातल्या जवळपास दोनतृतीयांश मोठ्या माणसांना आजही दुधातली साखर नीट पचत नाही.

आणि आपण ज्याला परंपरा म्हणतो ते सगळं तितकं जुनं नाही. उपासाची खिचडी घ्या, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं मूळ अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आले त्यानंतर आपल्याकडे रुजलेलं. त्यामुळे "पूर्वजांचं खा" म्हणताना कोणत्या शतकातले पूर्वज ते आधी ठरवावं लागेल.

सोलापूरकरीण
ज्वारीबद्दल मला मनापासून बोलायचंय कारण मी भाकरीवरच वाढले आणि आता मुलुंडला राहूनही रोज करते. भाकरी चांगलीच. पण २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ज्वारीला एकदम औषध करून टाकलंय ते मला पटत नाही. दख्खनमधल्या गरीब मजुरांना पेलाग्रा व्हायचा, उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, पुढे डोक्यावर परिणाम व्हायचा. हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली याचा संबंध ज्वारीतल्या जास्त ल्युसिनशी, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकाशी, जोडला होता. म्हणजे जिथे ताटात नुसती भाकरी आणि मिरची, डाळ नाही, दूध नाही, तिथे हा आजार. ज्यांच्या घरी भाकरीसोबत पिठलं, ताक, हिरवी भाजी होती त्यांचं ठीक चाललं.

७२ च्या दुष्काळात तर लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि दुष्काळात वाटलेली सुकडी खाल्ली, आमच्या सासूबाई अजून सांगतात. तेव्हा "पूर्वीचं खाणं" म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो तो कोणाचं? घरातली बाई सगळ्यात शेवटी जेवायची, उरलं तर. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. ते दुखणं आजचं नाही.

उकडा_भात
दादा, तुम्ही म्हणताय भात तोच आहे, पण तो तोच नाही हो. तुमच्या आजोबांच्या लहानपणी राजापूरकडे घरी कांडलेला नाहीतर उकडा तांदूळ, आता मुंबईत आपण आणतो तो पॉलिश केलेला पांढराशुभ्र. यात काय जातं ते १८९० च्या दशकात जावा बेटावर कळलं, तिथे आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीवर, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजारावर, काम करत होते, आणि पॉलिशचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायचे आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या परत उभ्या राहायच्या. त्यातूनच पुढे बी-वन जीवनसत्त्व सापडलं आणि १९२९ ला आइकमनना नोबेल मिळालं. उकड्यात तांदूळ सालासकट उकडतात, त्यामुळे कोंड्यातलं बी-वन दाण्यात उतरतं आणि नंतर साल काढली तरी बऱ्यापैकी टिकतं. आपल्या लोकांना ही केमिस्ट्री माहीत नव्हती पण पद्धत बरोबर होती. उकड्याने साखर तुलनेने हळू चढते, तरी तो भातच आहे, भरपूर खाल्ला तर काय उपयोग.

खानावळवाली_लेक
मला वाटतं ताटाच्या बाहेर पण बघायला पाहिजे. माझी आई डिलाईल रोडला खानावळ चालवायची, गिरणीतली गावाहून एकटी आलेली माणसं जेवायला यायची. तिच्यासारख्या बायकांना घेऊनच १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. ती माणसं भात किती खायची ते आज सांगितलं तर डॉक्टर घाबरतील, पण अख्खी पाळी साच्यावर उभं राहून काम, चालत जाणं-येणं, चाळीचे जिने, खाल्लेलं सगळं जिरायचं. तेल रेशनचं, मोजून. गोड सणाला. मधल्या वेळेला चहा असायचा, तोही कटिंग.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सगळंच मोडलं. गिरण्या गेल्या, कष्टाचं काम गेलं, कित्येकांनी वडापावच्या गाड्या टाकल्या, तो त्यांचा नाइलाज होता आणि त्यावर घरं जगली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण शरीराच्या हिशोबाने बघा, मैद्याचा पाव, बटाटा, तळण, आणि खाणारा दिवसभर खुर्चीत, वर दीड तास लोकलमध्ये लोंबकळून रात्री साडेदहाला जेवणार आणि लगेच झोपणार. आजोबांचा भात आपण ठेवला आणि आजोबांचे कष्ट सोडले, मला तरी हेच मोठं कारण दिसतं.

परळ_सिस्टर
ताई अगदी बरोबर, आणि त्यात आपलं शरीर आडवं येतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. म्हणजे दिसायला बारीक पण आतून चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडची ३.५, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. पिढ्यान् पिढ्या आया अर्धपोटी राहिल्या, बाळ पोटातच टंचाईसाठी तयार होतं आणि बाहेर येऊन बघतं तर तेल-साखर-मैदा हवा तितका. २०२३ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासात देशात दहा कोटींवर मधुमेही धरलेत.

अजून एक, आजोबांची शुगर कधी तपासली होती का? त्या काळात लघवीला मुंग्या लागल्या तरच कळायचं. आणि स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, लहान मुलं फार जायची, टीबीने तरुण जायचे. जे ऐंशीपर्यंत पोचले तेवढेच आपल्याला आठवतात.

गिरणगाव_नातू
सगळ्यांचे खूप आभार, तपासली होती का हे वडिलांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. खानावळवाल्या ताई, तुमचं वाचून आई रडली, तिचे वडील पण असेच जेवायला जायचे. सिस्टर, मुलीसाठी काय करू? आणि वडिलांचा भात बंद करू का?

परळ_सिस्टर
मुलीला साखर जितकी उशिरा आणि जितकी कमी तितकं बरं. ब्रिटनमध्ये युद्धानंतरही साखर १९५३ पर्यंत रेशनवर होती, आणि ज्यांची पोटातली आणि पहिली दोन वर्षं त्या रेशनमध्ये गेली त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी दिसला, २०२४ ला हा अभ्यास आलाय. तुमची मुलगी सहाची आहे, ते वय गेलं, पण बिस्किटं आणि पाकिटातला ज्यूस डब्यातून काढा, त्याऐवजी उसळ, अंडं, शेंगदाणे, फळ द्या, रोज मैदानात सोडा, आणि मुलगी आहे म्हणून हिमोग्लोबिनकडे आत्तापासून लक्ष ठेवा.

वडिलांचा भात एकदम बंद नको. आधी वाटीने मोजून वाढा, सोबत डाळ, मासे, भाजी वाढवा आणि जेवल्यावर चाळीच्या गॅलरीत का होईना, चालायला लावा. गोळ्या चालू असतील तर भात कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांवर शुगर एकदम खाली येते आणि ते या वयात जास्त धोक्याचं.