क्वार्टरबॅकला मराठीत काय म्हणाल? आणि ‘आवडता’ की ‘लाडका’?

कोलंबसकर

शनिवारी दुपारी बाराला इथे अमेरिकेत आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाची मॅच सुरू होते तेव्हा साताऱ्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आईची जेवणं आवरलेली असतात, म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवून आम्ही दोघं मॅच बघतो. अमेरिकन फुटबॉल तिला आता बराच कळतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे, हे तिला सांगावं लागत नाही. अडलंय ते एका शब्दावर.

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन तो कोणाकडे द्यायचा किंवा फेकायचा हे ठरवणारा गडी. त्याला मी इतकी वर्षं ‘कर्णधार’ म्हणत आलो. परवा २०१४ च्या हंगामाची गोष्ट सांगताना म्हणालो, “आमचे दोन कर्णधार एकामागून एक जायबंदी झाले आणि तिसऱ्याने अजिंक्यपद मिळवून दिलं.” ती म्हणाली, “कर्णधाराला लागलं तर उपकर्णधार येतो. हा तिसरा कुठून आला?” तिचं बरोबर होतं. इथे कर्णधार वेगळे निवडतात, एकाच वेळी चार-पाचही असतात, आणि त्यांत क्वार्टरबॅक असेलच असं नाही. ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार. त्या मूळ अर्थाने शब्द अगदी चपखल आहे. पण क्रिकेटने तो इतका पक्का केलाय की आता दुसऱ्या कामाला मोकळा राहिलेला नाही.

दुसरा प्रश्न त्या तिसऱ्या पोराचा, कार्डेल जोन्सचा. त्याला मी ‘माझा आवडता खेळाडू’ म्हणतो खरा, पण तो शब्द तोकडा वाटतो. ‘लाडका’ म्हणावं का? की तो फक्त घरातल्या माणसांसाठी?

ठाणेकर

‘सूत्रधार’ घ्या. सगळी सूत्रं त्याच्याच हातात असतात. कोण कुठे धावणार, कोण कोणाला अडवणार, हे त्याला माहीत असतं, आणि त्याच्या इशाऱ्याशिवाय काही हलत नाही.

वर्धेकर

सूत्रधाराबद्दल दोन अडचणी. नाटकात तो नांदी झाल्यावर येतो, विषय सांगतो आणि बाजूला होतो. पुढचा मार नट खातात. क्वार्टरबॅक तर शेवटपर्यंत मैदानात असतो आणि सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. शिवाय हल्ली वर्तमानपत्रांत सूत्रधार फक्त दरोड्याचा किंवा कटाचा असतो. आमच्याकडे म्हणतात तसं ‘म्होरक्या’ का नको? ठसकेबाज आहे आणि कोणालाही कळतो.

एडिसनकर

म्होरक्या म्हणजे मोहऱ्यावरचा, सगळ्यांच्या पुढे असलेला. क्वार्टरबॅक मागे उभा असतो. नावातच ‘बॅक’ आहे, ते कसं विसरायचं?

हे नाव मोठेपणाचं नाहीच मुळी, ते मोजमापाचं आहे. रग्बीत पुढच्या फळीच्या मागे हाफबॅक आणि सगळ्यात शेवटी फुलबॅक. अमेरिकेत १८८० साली येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँपच्या पुढाकाराने नियम बदलले, संघ पंधरावरून अकरावर आला, आणि दोन्ही संघांनी गुंताडा करून चेंडू ओढून काढायचा त्याऐवजी एका बाजूने तो पायाने मागे सारायचा असं ठरलं. मागे आलेला चेंडू जो पहिल्यांदा घेईल तो क्वार्टरबॅक, असं त्या नियमातच लिहिलं होतं. फळी आणि हाफबॅक यांच्या मधला, म्हणून पाव.

कोलंबसकर

‘पाव’ वाचून फार बरं वाटलं, कारण हे अपूर्णांक आपल्या भाषेत हाडीमासी मुरलेले आहेत. इंग्रजीला ‘थ्री-क्वार्टर’ असं जोडून म्हणावं लागतं, आपल्याकडे त्याला ‘पाऊण’ हा एक शब्द पुरतो. ‘पादोन’ म्हणजे पावाने कमी, त्यातून आलेला. रग्बीत थ्री-क्वार्टर नावाचे खेळाडू खरोखरच असतात, हाफ आणि फुल यांच्या मधे उभे राहणारे. म्हणजे ज्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली, तिला ही सगळी रचना एका वाक्यात सांगता येईल. माझे आजोबा असते तर त्यांना मैदानावरची जागा आकृती न काढता कळली असती.

पण ‘पावपिछाडी’ असा शब्द घडवला तर तो उभा राहत नाही. जागा कळते, माणूस दिसत नाही.

सांगलीकर

मी कबड्डी खेळलेलो आहे, अमेरिकन फुटबॉल गेली दोन वर्षं बघतोय. मला वाटतं, तुम्ही मधल्या एका शब्दापाशी अडकलात आणि आजूबाजूचे शब्द तसेच पडून राहिले. त्यांतले कितीतरी आपल्याकडे तयार आहेत.

कॉर्नरबॅकला, म्हणजे कडेला बचाव करणाऱ्या गड्याला, नवा शब्द हवाच कशाला? कबड्डीत कोपरारक्षक आहे. काम वेगळं, पण शब्द जसाच्या तसा बसतो. चाल सुरू होण्याआधी सगळे डोकी जुळवून उभे राहतात, ते ‘कोंडाळं’. पुढचे पाच धिप्पाड गडी क्वार्टरबॅकभोवती उभे राहून त्याला सांभाळतात, त्याला इंग्रजीत पॉकेट म्हणतात. आपण ‘कडं’ म्हणावं. गर्दीत एखाद्याला जपायचं असलं की आपण कडंच करतो. ते फोडून समोरचे आत घुसले की ‘मुसंडी’. आणि चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिल्यासारखं करायचं पण द्यायचा नाही, मग लांब फेकायचा, याला ‘हूल देणे’ सोडून दुसरा शब्दच नाही. चढाई करणारा पोरगा रोज तेच करतो.

एकच मागणी आहे. ‘प्ले’ला ‘डाव’ म्हणू नका. डाव म्हटलं की क्रिकेटची पूर्ण इनिंग डोळ्यांपुढे येते. ‘चाल’ म्हणा, बुद्धिबळातली.

एडिसनकर

कोंडाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. ही पद्धत वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या कॉलेजातून आली असं मानतात, १८९० च्या दशकात. तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड खुणांच्या भाषेत चाल सांगायचा. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला की त्या खुणा त्यांनाही वाचता यायच्या. मग त्याने सगळ्यांना गोल उभं केलं आणि आत, कोणाला दिसणार नाही असे हात हलवले. आज प्रत्येक शाळकरी संघ हेच करतो.

ठाणेकर

मग ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ला काय म्हणाल? १९३० च्या दशकापासून इंग्रजीत रुळलेला आहे. सामना होऊन गेल्यावर सोमवारी सकाळी, काय करायला हवं होतं ते सांगणारा. ‘वरातीमागून घोडं’?

वर्धेकर

नाही. वरातीमागून घोडं आणि ‘बैल गेला नि झोपा केला’ या दोन्हींत उशिरा केलेली कृती आहे. इथे कृती काहीच नाही, फक्त उशिरा आलेली अक्कल आहे, तीही दुसऱ्याच्या कामाबद्दल. ‘मागाहूनचं शहाणपण’ जवळचं वाटतं. माणूसच दाखवायचा असेल तर ‘पारावरचा पंच’ म्हणता येईल.

कोलंबसकर

काल आईला हे सगळं वाचून दाखवलं. सूत्रधार, म्होरक्या, पाव-निम-पाऊण, सगळं. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, “अरे, तो वाढपी आहे.”

मी दोन मिनिटं गप्प झालो. पंगत बसलेली, मागून एक जण येतो, भांडं त्याच्या हातात, आणि कोणाच्या पानात काय पडणार हे तो ठरवतो. चेंडू त्याच्याकडे येतो तो वाटण्यासाठी. इथले समालोचकसुद्धा क्वार्टरबॅकने चेंडू किती जणांना ‘वाटला’ हे मोजून सांगतात.

एडिसनकर, आता तुमचा १८८० चा नियम पुढे वाचा. चेंडू पहिल्यांदा घेणाऱ्या क्वार्टरबॅकने तो घेऊन पुढे धावू नये, धावला तर फाउल. म्हणजे मूळ क्वार्टरबॅकला चेंडू फक्त देता येत होता. वाढप्याने पंगतीला बसायचं नाही!

आणि ‘वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा’ हे आपण म्हणतोच. ६ डिसेंबर २०१४, इंडियानापोलिस. समोर विस्कॉन्सिन, आणि कार्डेल जोन्स कॉलेजात पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. त्याने सतरापैकी बारा फेक अचूक टाकले, २५७ यार्ड, आणि तीनही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) एकाच गड्याला दिले, डेव्हिन स्मिथला. स्मिथ मैदानाच्या पार टोकाला उभा असायचा. तिथे लांबवर, उंच, पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत वाढप पोहोचत होतं. ओहायो स्टेट ५९, विस्कॉन्सिन ०.

एडिसनकर

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. शब्द फार गोड आहे, पण इतिहासात सगळीकडे चालत नाही, हे सांगायला हवं.

१९०६ मध्ये पुढे चेंडू फेकायला परवानगी मिळाली. आपल्याला वाटेल, तिथून क्वार्टरबॅकचं राज्य सुरू झालं. तसं झालं नाही. पुढची कित्येक वर्षं सिंगल विंग नावाची रचना जोरात होती आणि तिच्यात चेंडू थेट टेलबॅककडे, म्हणजे मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच गड्याकडे, जायचा. तो फेकायचा, तोच धावायचा. क्वार्टरबॅक बिचारा पुढे होऊन समोरच्यांना अडवायचा. नाव तेच, हातात भांडंच नाही. १९४० मध्ये टी रचनेने पुन्हा जोर धरला, तेव्हा चेंडू त्याच्याकडे परत आला. त्या वर्षी ८ डिसेंबरला शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने सिड लकमन या क्वार्टरबॅकला घेऊन याच रचनेने वॉशिंग्टनला ७३-० हरवलं आणि त्यानंतर बाकीचे संघ तिच्याकडे वळत गेले.

आणि आजचा क्वार्टरबॅक स्वतः जेवायलाही बसतो. ४ जानेवारी २००६, रोझ बोल, कॉलेज अजिंक्यपदाचा सामना. टेक्सस पाच गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवे, फक्त सव्वीस सेकंद उरलेली. टेक्ससचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याने फेकायला कोणी मोकळा आहे का पाहिलं, नव्हतं, आणि उजवीकडून स्वतःच धावत सुटला तो थेट टचडाउनपर्यंत. टेक्सस ४१, समोरचं यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३८. त्या रात्री त्याने फेकून २६७ आणि धावून २०० यार्ड काढले. माझ्या मते कॉलेज फुटबॉलमधली क्वार्टरबॅकची ही सर्वात मोठी रात्र आहे. तिला वाढप म्हणवत नाही.

म्हणून मी म्हणेन, शब्द ‘क्वार्टरबॅक’च ठेवा. मूळ इंग्रजीतही तो आता पाव राहिलेला नाही. समजावून सांगताना वाढपी, लिहिताना क्वार्टरबॅक.

कोलंबसकर

पटलं. लिहिताना तसंच करेन.

नाशिककर

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून लिहिते.

‘आवडता’ म्हणजे अनेकांतून निवडलेला. त्यात तुलना आहे, आणि उद्या दुसरा आवडता होऊ शकतो. ‘लाडका’मध्ये निवड नसते. आपल्या वाट्याला आलेल्या माणसावर आपण जीव लावतो, त्याच्या चुका पोटात घालतो, तो लाडका. आणि हा शब्द वरून खाली जातो, मोठ्यांकडून लहानाकडे. मुलगी बापाला लाडका म्हणत नाही. व्यावसायिक खेळाडू तीस-पस्तिशीचा, करोडोंचा मालक, त्याला ‘आवडता’च शोभतो. पण कॉलेजातला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो, तुमच्याच कॉलेजचा शर्ट घालतो आणि चार-पाच वर्षांत निघून जातो. त्याला ‘लाडका’ म्हणायला व्याकरणाची किंवा रीतीची काही आडकाठी नाही. फक्त त्याच्या चुका तुम्ही पोटात घातल्या होत्या का, हे तुम्हीच सांगू शकता.

कोलंबसकर

ताई, पोटात घालायला होत्याच.

मी तेव्हा इथे मास्टर्स करत होतो. कार्डेल जोन्स क्लीव्हलँडचा, दांडगा, साडेसहा फुटांच्या जवळपास. २०१२ मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने ट्विटरवर लिहिलं की आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलो, मग वर्गात कशाला बसायचं, वर्गांना काही अर्थ नाही. देशभर छी-थू झाली. त्याच्याकडून नंतर कोणी काही अपेक्षा धरली नव्हती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरावात पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा गेला. जे. टी. बॅरेट उभा राहिला, हंगाम पेलला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. त्याला मैदानाबाहेर नेलं तेव्हा लाखभर माणसांचं ते स्टेडियम एकदम गप्प झालेलं मी आतून अनुभवलं आहे. मग हा तिसरा. विस्कॉन्सिन ५९-०, अलाबामा ४२-३५, आणि १२ जानेवारी २०१५ ला ओरेगॉन ४२-२०. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले पहिले तीन सामने, आणि तिसऱ्याला राष्ट्रीय अजिंक्यपद. आमचा चेंडू घेऊन धावणारा गडी एझिकिएल इलियट त्या तीनही सामन्यांत दोनशेच्या वर यार्ड धावला, त्याचं श्रेय त्यालाच. पण वाढपी जोन्स होता.

जो बरो या दुसऱ्या क्वार्टरबॅकबद्दल मात्र मला ‘लाडका’ म्हणता येत नाही, आणि ते का हे ताईंच्या टिपणामुळे कळलं. तो आमच्याच ओहायोच्या अथेन्स भागात वाढला, आमच्याच कॉलेजात तीन वर्षं राखीव म्हणून बसला, तिथली पदवी घेतली आणि २०१८ मध्ये लुइझियाना राज्यातल्या एलएसयू या विद्यापीठात गेला. इंग्रजीत याला ट्रान्सफर म्हणतात. मला ‘दत्तक गेला’ जास्त खरं वाटतं, कारण पुढे नाव लागलं ते त्या घराचं. २०१९ मध्ये साठ टचडाउन फेक, पंधरापैकी पंधरा विजय, आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक. तो करंडक घेताना तो आपल्या गावाकडच्या मुलांबद्दल बोलला, शाळेतून घरी जातात आणि पानात फारसं काही नसतं म्हणून. तिथल्या अन्नवाटप केंद्रासाठी लोकांनी काही दिवसांत लाखो डॉलर दिले. त्याचा मला अभिमान आहे, फार आहे. पण लाड करायचा हक्क आमच्याकडे उरला नाही.

आईला काल रात्री जोन्सची सगळी गोष्ट नीट सांगितली, त्या ट्विटसकट. ती पस्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तीन सामने, अजिंक्यपद, सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, “मग परीक्षा दिली की नाही त्याने?”

दिली. मधे व्यावसायिक संघात गेला, तरी शिक्षण पूर्ण केलं आणि २०१७ च्या मे महिन्यात पदवी घेतली.

“मग म्हण लाडका,” म्हणाली.