कुठलाच पक्ष आपला वाटत नसेल तर मत द्यायचं का?

अर्धविराम:
निवडणूक आली की मी या प्रश्नापाशी येऊन अडकतो आणि आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, मतदान हे कर्तव्य आहे. कर्तव्य मान्य, पण देऊ कोणाला ते सांगा ना. एका पक्षाची आर्थिक धोरणं पटतात पण नागरी स्वातंत्र्याबद्दल तो जे बोलतो ते ऐकवत नाही, दुसऱ्याचं बरोबर उलटं, आणि पर्यावरण, जे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते कोणाच्याच जाहीरनाम्यात चार ओळींच्या पुढे जात नाही. मी बटण दाबलं की जिंकणारा म्हणणार जनतेने आम्हाला कौल दिला, म्हणजे मला अजिबात मान्य नसलेल्या गोष्टींनाही माझाच कौल! पक्ष सोडा, माणूस बघा असंही सांगतात. पण १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, निघाला की चांगला माणूसही पक्ष सांगेल तिथेच हात वर करणार, नाहीतर सदस्यत्व जायची टांगती तलवार. मग माणूस बघून काय करू? मला वाटतं नीट विचार करून मत न देणं हीसुद्धा प्रामाणिक राजकीय भूमिका आहे.

रेघोट्या:
तुमची तगमग कळते पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. विचार करून घरी बसलेला आणि झोपून राहिलेला, मतमोजणीत दोघं सारखेच. पक्षांचे लोक केंद्रावर यादी घेऊन नावांवर खुणा करत बसलेले असतात, कोण येतं आणि कोण येत नाही हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, मग जो येतच नाही त्याच्यासाठी जाहीरनाम्यात पाचवी ओळ कोण कशाला लिहील? आणि शंभर टक्के पटणारा पक्ष कोणालाच मिळत नाही हो, त्या पक्षात आयुष्य घालवलेल्यांनाही नाही. एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, राजस्थानात नाथद्वाऱ्याची विधानसभेची जागा २००८ साली एका मताने गेली, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५.

मध्यरात्र:
नाथद्वाऱ्याचं उदाहरण दरवेळी येतं कारण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बहुतेक जागांवर फरक हजारांत, लाखांत असतो. माझा आक्षेप दुसराच आहे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आपण मत देत राहिलो ना, तर पक्ष यातून एकच गोष्ट शिकतो, की चांगलं व्हायची गरज नाही, समोरच्यापेक्षा जरासं कमी वाईट असलं की पुरतं. दर पाच वर्षांनी ती पातळी अजून खाली जाते, आणि आपण तरीही जातो, कारण समोरच्याची भीती दाखवलेली असते. मत हातचं आहे हे कळल्यावर कोण कशाला बदलेल?

रेघोट्या:
@मध्यरात्र, मग भीती खरी असेल तेव्हा काय करायचं? फ्रान्समध्ये २००२ ला अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते आणि २८ टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला फिरकलेच नाहीत. समाजवादी जोस्पॅं दुसऱ्या फेरीत जाणारच असं सगळे धरून चालले होते, ते दोन लाखांपेक्षा कमी मतांनी मागे पडले आणि अतिउजवे ल पेन पुढे गेले. दुसऱ्या फेरीत पहिले दोघंच उरतात, म्हणून त्याच डाव्या मतदारांना उजव्या शिराकना मत द्यायला रांगेत उभं राहावं लागलं, शिराकना ८२ टक्के मिळाली. पहिल्या फेरीतच नावडत्यातला त्यातल्या त्यात बरा निवडला असता तर?

अर्धविराम:
पण यात बरेच लोक असे होते की ज्यांनी मत दिलं, आणि त्यांना जो खरंच पटत होता त्या छोट्या उमेदवाराला दिलं. म्हणजे घरी बसलो तर चूक, मनापासून पटेल त्याला दिलं तरी चूक, फक्त मोठ्या दोघांपैकी एकाला दिलं तरच बरोबर? मग ही निवड कसली?

काठावरून:
तुम्ही सगळे 'नोटा' म्हणजे मतदान यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण विसरताय की काय. पूर्वी ४९-ओ नियमाखाली 'मला मत द्यायचं नाही' असं केंद्रावरच्या अधिकाऱ्याला सांगून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागायची, म्हणजे गुप्तता गेलीच. सप्टेंबर २०१३ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नकार देणाऱ्याची गुप्तताही जपली पाहिजे, तेव्हा हे बटण आलं. अर्धविराम, तुमच्यासाठीच आहे ते. घरी बसू नका, जा आणि नकार मोजायला लावा.

मध्यरात्र:
मोजतात, पण त्याने होत काहीच नाही. इंदूरला २०२४ च्या लोकसभेला मुख्य विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर नोटाला २ लाख १८ हजारांच्या वर मतं पडली, दुसरा क्रमांक आला, निकालावर परिणाम शून्य. नोटा पहिला आला असता तरी त्याच्या खालचा माणूस निवडून आला असता. डिपॉझिटच्या हिशोबातही ही मतं धरत नाहीत. कोलंबियात निम्म्याहून जास्त मतं कोरी पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, आणि तेही नवीन उमेदवार देऊन. त्याला मी नकाराधिकार म्हणेन. बाकी नुसतं मन हलकं करणं आहे.

काठावरून:
महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला ठरवलं ना, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. मुळात २०१३ आधी हे बटणही नव्हतं. लोकांनी मागितलं, कोर्टात गेले, म्हणून मिळालं. दात नाहीत म्हणून वापरायचंच नाही असं केलं तर त्याला दात यावेत ही मागणी तरी कशाच्या जोरावर करणार?

सावलीण:
इतका वेळ नुसती वाचत होते पण आता राहवत नाही. इथे चाललेली सगळी चर्चा 'माझं मत स्वच्छ राहिलं का' याभोवती फिरतेय. निकालाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही हो. ज्याचं पेन्शन, ज्याचं रेशन, ज्याच्या पोरांची शाळा एका सरकारी निर्णयावर अवलंबून आहे त्याला दोन वाईट पक्षांमधला तो बारीकसा फरकसुद्धा मोठा असतो. तो माणूस उन्हात रांगेत उभा राहतो, त्यालाही पक्ष आवडलेला नसतो! मी मत देते तेव्हा पक्षाच्या गळ्यात माळ घालत नाही, पुढची पाच वर्षं भांडायला समोर कोण असलेलं परवडेल एवढंच ठरवते. आणि भांडायचं तर असतंच, ज्याला मत दिलं त्याच्याशी आधी.

अर्धविराम:
सावलीण, तुमचा मुद्दा लागला. फटका कोणाला बसतो या बाजूने मी विचार करायला हवा, आणि जिथे दोघांमधला फरक कोणाच्या जगण्यावर येतो तिथे मी मत देईन, नावडत्यालाही देईन. पण जिथे दोन्ही पक्ष माझ्या मुद्द्यावर सारखेच गप्प आहेत तिथे मला अजूनही नोटाच बरोबर वाटतो. त्याच्या आधी दोन्हीकडच्या उमेदवारांना लेखी विचारणार आहे, पर्यावरणाबद्दल नेमकं काय करणार म्हणून.

मध्यरात्र:
विचारा, आणि उत्तर आलं तर इथे टाका. मी मात्र जाणार नाही. माझं मत हवं असेल तर त्यांनी यावं, काहीतरी घेऊन यावं.

सावलीण:
ते येणार नाहीत @मध्यरात्र, यादीत तुमच्या नावापुढे खूण नाही.